“काका, पाय मशीनला देऊ नका”

मागच्या वर्षी मे महिन्यात, पावसाआधी घर शाकारताना मी छपरावरून पडलो. मणका दबला, मज्जारज्जूला मार बसला. इजा अपूर्ण आहे, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूचा निरोप अजून थोडाफार पायांपर्यंत पोचत होता. त्या थोड्याफारावरच पुढचं सगळं झालं.

डिचोलीला घरी व्हीलचेअरवर बसून मी मोबाइलवर रोबोटचे व्हिडिओ बघायचो. ‘रीवॉक’ नावाचं यंत्र कमरेला आणि पायांना बांधून माणसं चालताना दिसायची. शेत विकू, पण हे घेऊ, असं मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. ते घातलं तरी दोन्ही हातांत कुबड्या लागतात, शेजारी शिकलेला माणूस लागतो. २०१४ साली अमेरिकेत त्याला घरच्या वापराची परवानगी मिळाली. पण ते शोधणारे इस्रायलचे अमित गोफर स्वतः ते वापरू शकले नव्हते, कारण अपघातात त्यांचे हातही अधू झाले होते आणि कुबड्या धरता येत नव्हत्या. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्यासाठी डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला: पुनर्वसन केंद्रातल्या यंत्रावर चालायचा सराव करायचा आणि घरी वॉकर.

सरावाआधी हाडं ठिसूळ झालीत का, गुडघे-घोटे आखडलेत का, हे तपासलं. खरी अडचण रक्तदाबाची होती. बरेच महिने आडवं-बसून काढल्यावर उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून पोटाला पट्टा आवळून तिरक्या होणाऱ्या टेबलावर रोज थोडं थोडं उभं केलं. त्यातच दोन आठवडे गेले.

मग यंत्र. छातीला-जांघेला पट्टे बांधून वरून टांगतात, खाली सरकता पट्टा, आणि दोन्ही बाजूंचे यांत्रिक पाय आपले पाय उचलून पुढे टाकतात. पहिल्या दिवशी समोरच्या आरशात मी स्वतःला चालताना पाहिलं आणि रडलो. ही दाराशी उभी होती, तीही रडली. पण तिथली फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, “काका, पाय मशीनला देऊ नका. ती चालवतेच, तुम्ही चाला.” समोरच्या पडद्यावर माझा जोर किती, ते रेघेत दिसायचं. मी नुसता लटकलो की रेघ खाली यायची. सुरुवातीला यंत्र माझं अर्धं वजन उचलायचं, मग ते कमी कमी करत नेलं. वजन कमी उचललेल्या दिवशी पावलं निम्मी व्हायची, घाम दुप्पट यायचा, आणि तेच दिवस कामाचे होते असं मला आज ठाम वाटतं.

सहाव्या खेपेनंतर घरी हिने पायमोजा काढला, तर डाव्या नडगीवर दोन रुपयांच्या नाण्याएवढा लाल डाग. पट्ट्याखाली मऊ गादी नीट बसवली नव्हती. मला तिथे संवेदना नाही, कळणार कसं? दुसऱ्या दिवशी तिथली साल निघाली आणि तीन आठवडे सराव बंद. मनापासून राग आला. तपासायची रीत मला आधी कुणी सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहितो: डाग बोटाने दाबायचा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर थोडा वेळ थांबून परत बघायचं. दाबूनही लालच राहिला तर त्या जागी पट्टा लावू द्यायचा नाही, लगेच दाखवायचं. हे प्रत्येक खेपेनंतर, पट्टे सोडल्या सोडल्या, तिथेच करायचं.

एकूण २४ खेपा झाल्या. आज डाव्या पायाला घोट्याला आधार देणारा ब्रेस आणि हातात वॉकर, एवढ्यावर मी खोलीतून पडवीत येतो. उंबरा मुलाने काढून टाकला, तिथे उतार केला. परवा अंगणातल्या तुळशीपर्यंत गेलो, २२ पावलं. हिने पाणी घातलं, मी उभा होतो. आता पाऊस सुरू झालाय, चिऱ्यांवर शेवाळ धरलंय, म्हणून अंगण चतुर्थीपर्यंत बंद. तोवर पडवीतच, सकाळ-संध्याकाळ.