पॅटर्नची खोली आणि सहा एकर

२००९ चा मार्च. धुळवड होऊन दोन दिवस झाले होते, रंगपंचमी व्हायची होती. कोल्हापुरात सीए म्हणून प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाला मार्चमध्ये मान वर करायला सवड नसते. तरी तो अख्खा दिवस मी एकाच कामाला दिला होता.

काम भाऊसाहेबांचं. मूळचे करवीर तालुक्यातले, बावीस वर्षं मस्कतला नोकरी करून परतलेले. हातात रोकड होती आणि वेळही त्यांच्या बाजूची होती. वर्षभरापूर्वी डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, आता ५१ च्या वर गेला होता. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला, त्यामुळे त्यांची शिल्लक बसल्या जागी सव्वापटीहून जास्त झाली होती. इकडे जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच आठवड्यात ८,१६० वर बंद झाला होता. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली सप्टेंबरात न्यूयॉर्कला, पण दिवाळीपर्यंत आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या भट्ट्या थंड पडल्या. ट्रकचं उत्पादन थांबलं की ट्रकचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ओतणाऱ्याचं काम थांबतं, मधे कुणी नसतं.

भाऊसाहेबांना दोन गोष्टी घ्यायच्या होत्या, आणि दोन्ही एकाच माणसाच्या. शिरोलीतल्या एका फाउंड्रीचे, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्याचे, निम्म्याहून जास्त शेअर, आणि त्या फाउंड्रीच्या मालकांची, आण्णांची, पंचगंगेकाठची सहा एकर बागायत. "आत्ताच घ्यायचं बघा," ते गाडीत म्हणाले. "परत असला भाव मिळायचा न्हाई." त्यात मला वावगं काही वाटलं नाही. पडत्या काळात पैसा घेऊन येणारा माणूस लागतोच. प्रश्न एवढाच असतो, की तो पैसा नेमका कुठे जाऊन पडतो.

सकाळी फाउंड्रीत गेलो. विजेवरच्या दोन इंडक्शन भट्ट्यांपैकी एक चालू, तीही आठवड्यातून तीन दिवस. मोल्डिंगच्या शेडमध्ये वाळूचे ढीग आणि पंधरा-वीस माणसं. मी आधी वीजबिलं मागितली. ताळेबंदात काय वाटेल ते दाखवता येतं, पण एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे ते सातशे युनिट लागतात आणि महावितरणचा मीटर कुणाच्या सांगण्यावर चालत नाही. ऑगस्ट ते फेब्रुवारीची बिलं ओळीने मांडली. नोव्हेंबरात वापर तिसऱ्या हिश्श्यावर आलेला, डिसेंबरही तसाच, जानेवारीत किंचित वर, फेब्रुवारीत आणखी वर. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी, म्हणजे मालसाठ्याच्या तक्त्याशी, आकडे जुळत होते. पीएफची चलनं पाहिली. नेहमीच्या सत्तर माणसांतली अठ्ठावीस उरली होती, पण त्यांचा भरणा एकाही महिन्याला चुकलेला नव्हता.

मग आण्णांना म्हटलं, पॅटर्नची खोली दाखवा.

बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. ज्या साच्यावरून वाळूत ठसा घेतात तो पॅटर्न बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, फाउंड्रीत नुसता ठेवलेला. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला की तो पत्र पाठवत बसत नाही, टेम्पो पाठवून पॅटर्न उचलून नेतो. खोलीत शिरलो. लोखंडी रॅकवर गिअर हाउसिंगचे, ब्रॅकेटचे, ट्रॅक्टरच्या भागांचे लाकडी आणि अॅल्युमिनियमचे पॅटर्न ओळीने मांडलेले. खडूने लिहिलेले नंबर. एका पॅटर्नवर हात फिरवला, तर बोटाला धूळ लागली नाही.

"पॅटर्न न्ह्यायला कोण आलं हुतं का?" मी खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं.

"न्हाई साहेब. एकबी न्हेला न्हाई. दर सोमवारी म्या फडकं मारतोय."

ही कंपनी मेलेली नाही, एवढं मला तिथे कळलं. आण्णांनी काही उधळपट्टी केली नव्हती. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, महाग असताना भरून ठेवलं, त्यानंतर भाव कोसळले आणि त्याच वेळी ऑर्डरी थांबल्या. नव्वद दिवसांत येणारे पैसे पाच-पाच महिने अडकले. ऑगस्टपर्यंत कर्जाचा एक हप्ता चुकलेला नव्हता, आणि याच गोष्टीला आता किंमत होती. रिझर्व्ह बँकेने खास सवलत दिली होती. १ सप्टेंबर २००८ ला जे खातं नियमित होतं, त्याने ३१ मार्च २००९ पर्यंत पुनर्रचनेचा, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्याने बांधून घेण्याचा, अर्ज दिला तर पुनर्रचना होऊनही ते थकीत धरलं जाणार नव्हतं. पण बँक मालकाला विचारत होती, तुमचे स्वतःचे किती घालताय? म्हणून आण्णा जमीन विकायला निघाले होते.

दुपारी त्यांच्या गावच्या चावडीत बसून सातबारा वाचला. भाऊसाहेबांच्या नावे वडिलोपार्जित जमीन होती, त्यामुळे शेतकरी असण्याची अडचण नव्हती. पण इतर हक्कांत दोन बहिणींची नावं होती आणि विकास सोसायटीचा बोजा होता. विहिरीत चार आण्यांचा हिस्सा. ऊस मात्र त्या विहिरीवर नव्हताच, तो उभा होता सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या नदीवरच्या उपशावर. त्या संस्थेचं सभासदत्व खरेदीखताबरोबर आपोआप येत नाही. हे मी भाऊसाहेबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती. कारखान्याची जागा आणि राहतं घर, दोन्ही बँकेकडे तारण होती. जमीन तेवढी बँकेच्या तारणातून मोकळी. थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा तो सरफेसी कायदा, पण त्याच्या कलम ३१ मुळे शेतजमिनीवर बँकेला त्या कायद्याने हात टाकता येत नाही. म्हणजे सगळं हातचं गेलं तरी आण्णांना उभं राहायला जी एक जागा उरली असती, तीच ते विकायला काढत होते.

संध्याकाळी त्यांच्या सोप्यात बसलो. निपाणीहून थोरली बहीण आली होती, सगळे तिला आक्का म्हणत. चहा झाला. आण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. फेरफार, आठ-अ, त्यांच्या वडिलांच्या सहीचा एक जुना पिवळा कागद. तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि अंगठ्याने त्याची घडी सरळ करत राहिले.

आक्का म्हणाल्या, "फाउंड्री वाचत असंल तर माझी सही कुठंबी घ्या. धाकटीचं मी बघते." आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

माझी फी भाऊसाहेब देणार होते. तरी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊसाहेब, ही जमीन तुम्ही घेऊ नये. आण्णांचे शेअरसुद्धा विकत घेऊ नयेत."

मग हिशोब मांडला. जुने शेअर घेतले तर पैसा आण्णांच्या खात्यावर जाणार, कारखान्यात एक रुपया येणार नाही. जमिनीचा पैसा बँक आणि पुरवठादार यांच्यातच संपेल, भट्टीत घालायला भंगार तरी कशातून आणणार? त्याऐवजी कंपनीने नवे शेअर काढावेत आणि भाऊसाहेबांनी ते घ्यावेत. पैसा थेट खेळत्या भांडवलात येईल, आणि प्रवर्तकांकडून भांडवल आलं म्हणून बँकेलाही दाखवता येईल. ज्या माणसाबरोबर उद्यापासून एका टेबलावर बसायचं, त्याची जमीन आज पडेल भावात घेऊन ती भागीदारी किती दिवस टिकेल, हेही मी बोललो. ते आकड्यांत बसत नव्हतं, पण माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं होतं, आणि आजही आहे.

कुणी काही बोललं नाही. परतताना गाडीत भाऊसाहेबांचा आवाज चढला. "तुम्ही माझे सीए का त्यांचे?" मी म्हटलं, तुमचाच, म्हणून तर बोललो. कावळा नाक्यावर त्यांनी मला उतरवलं आणि पुढचे चार दिवस त्यांचा फोन आला नाही. त्या चार रात्री मला नीट झोप लागली नाही. हातचं काम जाईल याची काळजी होतीच. त्याहून जास्त ही, की माझ्या बोलण्यामुळे आण्णांना मिळणारा एकुलता एक पैसा गेला तर?

पाचव्या दिवशी ते ऑफिसला आले, बरोबर दोन अटी घेऊन. नव्या भांडवलानंतर चाळीस टक्के हिस्सा, आणि ठरावीक रकमेपुढच्या चेकवर त्यांची सही. अटी कडक होत्या, पण रास्त होत्या. आण्णांनी तासाभरात होकार दिला. ३० मार्चला संध्याकाळी पावणेपाच वाजता बँकेत अर्ज दिला आणि पोच घेतली. शाखेतला शिपाई दार ओढून घेत होता.

भाऊसाहेबांनी शेतीही घेतली, पण दीड वर्षाने आणि दुसऱ्या गावात. मुलाकडे पुण्याला कायमचं राहायला निघालेल्या एका मास्तरांची तीन एकर. व्यवहाराच्या आधी त्यांचा मला फोन आला. भाव त्यांनी सांगितलाच नाही. आधी विचारलं, "पाणी संस्थेचं सभासदत्व नावावर करून घ्यायला काय काय कागद लागतील?"

आण्णांच्या दुसऱ्या भट्टीला जूनमध्ये नवं अस्तर लावलं. पहिल्या ओतकामाला मी गेलो होतो. नारळ मिस्त्रींनी फोडला.