आमची वाटचाल : थांबणारे मॅक्रो

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका लहान गाळ्यात 2011 साली आम्ही काम सुरू केले, तेव्हा कीबोर्ड आणि माऊसचे मॅक्रो, म्हणजे माणसाच्या ऐवजी आपोआप कळा दाबणारे छोटे प्रोग्राम, हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो हे पटवून देण्यातच निम्मा वेळ जात असे. वास्तविक विषय नवा नव्हता. विंडोज 3.1 सोबत रेकॉर्डर नावाचा प्रोग्राम येत असे आणि दाबलेल्या कळा व माऊसच्या हालचाली टिपून तो त्या पुन्हा चालवून दाखवत असे. विंडोज 95 मध्ये तो राहिला नाही, पण 1999 मध्ये ऑटोइट आणि 2003 मध्ये ऑटोहॉटकी ही मॅक्रो लिहिण्याची मोफत साधने आली आणि आमच्यासारख्यांच्या हाती खरे हत्यार लागले.

आमचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे हळदीची अडत दुकाने. सौदे आटोपले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, खरेदीदारांची बिले, हमाली, तोलाई हे सारे दुकानातल्या जुन्या बिलिंग प्रोग्राममध्ये तयार होई आणि तेच आकडे दिवाणजी रात्री उशिरापर्यंत पुन्हा टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये भरत बसत. त्या प्रोग्रामला छपाईखेरीज माहिती बाहेर देण्याचा मार्गच नव्हता. आम्ही ती छपाई साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वळवली आणि मॅक्रोकडून ती ओळीने टॅलीत भरून घेऊ लागलो: एफ8, पार्टीचे नाव, एंटर, रक्कम, एंटर, शेवटी कंट्रोल-ए.

यातले रेकॉर्डिंग कोणालाही जमते. अडचण अशी की माणूस एंटर दाबण्याआधी पडद्याकडे पाहतो आणि ते पाहणे रेकॉर्डरला टिपता येत नाही. तो फक्त कळ टिपतो आणि दोन कळांमधले अंतर टिपतो. म्हणून आमच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मॅक्रोच्या लिहिलेल्या सूचनांमध्ये, प्रत्येक पायरीला एक तपासणी असते. समोरची विंडो टॅलीचीच आहे का, हवा तो रकाना उघडला आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढची कळ जात नाही. टॅली आपला पडदा स्वतःच रंगवते, त्यामुळे विंडो स्पाय या विंडोचे भाग दाखवणाऱ्या साधनात तिचे रकाने वेगवेगळे दिसत नाहीत; तिथे विंडोच्या कोपऱ्यापासून मोजून पडद्याचा एक छोटा तुकडा ओळखावा लागतो. कीबोर्डची भाषाही तपासावी लागते. दिवाणजींनी मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट कळरचना चालू ठेवून पत्र लिहिले असेल आणि टिपलेल्या कळा तशाच चालवल्या, तर इंग्रजी ‘कॅश’च्या जागी ‘मोेप’ उमटते आणि टॅलीला त्या नावाचे खाते सापडत नाही.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि नोंदींचे काम इतके वाढले की आम्हाला माणसे घ्यावी लागली. त्याच सुमारास मोठ्या शहरातल्या एका व्यावसायिकाने यार्डात निम्म्या दराने मॅक्रो विकायला सुरुवात केली. त्यांचे प्रात्यक्षिक डोळे दिपवणारे असे, कारण ते त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच रेझोल्यूशनवर चाले आणि मध्ये कुठेही थांबत नसे. आमचे मॅक्रो हळू चालतात, हा त्यांचा मुख्य प्रचार होता. एका हंगामात आमची बहुतेक दुकाने तिकडे गेली, आम्ही शिकवून तयार केलेली दोन मुलेही गेली आणि गाळ्याचे भाडे थकले. पुढे एका दुकानात त्यांची स्क्रिप्ट उघडून पाहण्याचा प्रसंग आला. तपासणीच्या साऱ्या ओळी काढून तिथे ठरावीक सेकंदांचा विराम घातला होता, पण ‘इथे घाई करू नये’ ही आमची टिप्पणी तशीच राहिली होती. त्या गोष्टीचा राग आजही गेलेला नाही आणि तो का जावा, हेही आम्हाला कळत नाही.

आम्ही टिकलो ते यार्डातल्या एका शेठजींमुळे. त्यांनाही निम्म्या दराचा निरोप गेला होता. त्यांनी दोघांनाही बोलावले आणि टॅलीचा बॅकअप घेऊन, एकाच दिवसाच्या पट्ट्या, आपल्याच दुकानातल्या संगणकावर, आधी त्यांच्या आणि मग आमच्या मॅक्रोने भरायला लावल्या. दुपारी वीज गेली, यूपीएसच्या प्रोग्रामची सूचना पडद्यावर आली आणि त्यांच्या मॅक्रोचा एक एंटर त्या सूचनेने खाल्ला. तिथून पुढे प्रत्येक नोंद एक रकाना सरकली, रकमेच्या जागी नाव आणि नावाच्या जागी रक्कम जाऊ लागली, तरी मॅक्रो वेगाने चालतच राहिला. बॅकअप परत घालून आमचा मॅक्रो लावला. तो चालू असताना आम्ही स्वतःच कॅल्क्युलेटर उघडून टॅलीच्या पुढे आणला. मॅक्रो जागेवर थांबला, कोणत्या पट्टीवर थांबला ते त्याने दाखवले आणि टॅली पुढे येताच तिथूनच सुरू झाला. शेवटी डे बुकची, म्हणजे टॅलीतल्या त्या दिवसाच्या नोंदींची, बेरीज पट्ट्यांच्या बेरजेशी जुळली. शेठजींनी त्याच दिवशी पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले आणि शेजारच्या दुकानांत स्वतः जाऊन सांगितले. गेलेली दुकाने त्यानंतर एकेक करून परतली.

नंतरची वर्षे बरी गेली. 2020 च्या अखेरीस टॅलीप्राइम ही टॅलीची नवी आवृत्ती आली आणि क्रेडिट नोटची कळ कंट्रोल-एफ8 ऐवजी ऑल्ट-एफ6 झाली, तेव्हा आम्हाला सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलावी लागली, इतकेच.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माऊसऐवजी शक्य तिथे कीबोर्डच वापरावा, कारण कोणी डिस्प्ले 125 टक्क्यांवर नेला की टिपलेल्या क्लिक भलत्या जागी पडतात. रिमोट डेस्कटॉपवर मॅक्रो लावून खिडकी मिनिमाइझ करू नये. पडदा रंगवणे थांबते आणि तपासणी आंधळी होते. टॅलीला माहिती एक्सएमएल फाइलमधून सरळ देता येत असेल, तर गिऱ्हाइकाला मॅक्रो विकूच नये. आम्ही अशी कामे परत पाठवली आहेत आणि पुढेही पाठवू.

डिसेंबर 2022 मध्ये ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा बरीच वेगळी आहे. आमच्या साऱ्या स्क्रिप्ट आम्ही तिच्यात नव्याने लिहून घेत आहोत. यार्डातल्या ज्या दुकानांत आमच्या जुन्या स्क्रिप्ट अजून चालू आहेत, मग त्या आमच्याकडून घेतलेल्या असोत की दुसऱ्या कोणाकडून, त्यांनी त्या घेऊन यावे. तपासणीच्या काढून टाकलेल्या ओळी आम्ही परत घालून देऊ.