कायनेटिक होंडा: तिसरा बेल्ट, आणि खरा चोर मागच्या पुलीत

इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा तिसरा बेल्टही गेला, २,८०० किलोमीटरवर. सिंहगडाच्या चढावर गोळेवाडी नाका ओलांडला आणि इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र पुढे सरकेना. या वेळी कारण हाती लागलंय, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कव्हर काढलं तर आत काळी पावडर आणि जळक्या रबराचा वास. बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत. व्हर्नियर लावला, रुंदी दीड मिलिमीटरने कमी. दातांच्या मुळाशी मात्र एकही चीर नाही. म्हणजे बेल्ट वयाने मेला नव्हता, घसरून घसरून भाजला होता.

माझा संशय अर्थातच रोलरवर, म्हणजे पुढच्या पुलीतल्या वजनांवर, जी वेग वाढला की बाहेर सरकून पुली मिटवतात. मागच्या खेपेला मूळपेक्षा एकेक ग्रॅम हलके टाकले होते. सगळे परत सोनाराच्या काट्यावर ठेवले, वजनं सारखी, कुठे सपाट झिजही नाही. मग पुढच्या पुलीच्या फेसवर, म्हणजे बेल्ट टेकतो त्या तिरक्या तबकडीवर, मध्यापासून कडेपर्यंत मार्करची रेघ ओढली आणि बायपासवर एक फेरी मारली. बेल्टने घासून रेघ थेट कडेपर्यंत पुसली गेली होती. व्हेरिएटर, म्हणजे ही पुढची पुली, पूर्ण उघडतोय, पूर्ण मिटतोय. दहा रुपयांच्या मार्करने अर्धी गाडी संशयातून सुटली, त्या दिवशी फार बरं वाटलं.

उरली मागची पुली. तिचा नट एअर गनशिवाय, नुसत्या पट्टी पान्याने निघाला, हा दुसरा आनंद. क्लच बाजूला ठेवून स्प्रिंगसकट दोन्ही फेस हाताने फाकवले आणि सोडले. खाडकन मिटायला हवे होते. अर्ध्यावर येऊन थांबले. खोलून पाहिलं, तर ज्या तिरक्या खाचेत पिन फिरते, तिथे नख अडकेल एवढी पायरी पडलेली. चढावर चाकावर लोड आला की याच खाचेमुळे फेस जवळ येतात, बेल्टला आवळतात आणि गाडी खालच्या रेशोला, म्हणजे जणू खालच्या गिअरला, उतरते. माझी पिन त्या पायरीत अडकून बसत होती. वर ओ-रिंग दगडासारख्या कडक, त्यामुळे ग्रीस बाहेर फेकलं जाऊन फेसवर तेलकट फराटे. पकड आधीच कमी, त्यात वंगण. त्यात मी रोलर हलके करून आरपीएम वाढवले, म्हणजे घसरण्याला आणखी जोर.

जुन्या गाडीचा सुटा फेस मिळाला, पिना नव्या, ओ-रिंग हायड्रॉलिकवाल्याकडून मापाने जुळवून. ग्रीस उष्णता सोसणारं, बोटाच्या टोकाएवढंच. फेस थिनरने पुसले, हात साबणाने धुऊन मगच बेल्टला हात लावला.

बेल्टबद्दल एक सांगतो. नाना पेठेतल्या एका दुकानात सीलबंद पाकिटातला 'नवा' बेल्ट उलटा वाकवून पाहिला, तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल. होंडा आणि कायनेटिक १९९८ मध्ये वेगळे झाले, तेव्हापासूनचा जुना साठा अजून फिरतोय. पाकीट बघून भुलू नका, वाकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कडक स्प्रिंग टाकायचा बेत रद्द. ती बेल्टला सपाटीवरही विनाकारण आवळून ठेवते आणि उष्णता वाढवते. मूळ वजनाचे रोलरही आजच परत बसवणार होतो, पण हे लिहितानाच वाटलं, दोन्ही एकदम बदललं तर गुण कशाचा ते कळणार कसं? हलके रोलर तसेच ठेवतो, फक्त दुरुस्त केलेली पुली घेऊन त्याच चढावर जातो. वर पोचताक्षणी कव्हर काढून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुल्यांचं तापमान मोजायचं, मग रोलर बदलून तोच चढ पुन्हा.

सध्या नव्या बेल्टवर १४० किलोमीटर झालेत, पूर्ण थ्रॉटल अजून दिलेला नाही. काल कव्हर उघडलं तेव्हा पावडर चिमूटभरच होती. दोनशे पुरे झाले की रविवारी पहाटे, मागे माणूस बसवून, गोळेवाडी. कुणाकडे मागच्या पुलीचा न झिजलेला फेस असेल तर कळवा, माझ्या सुट्या फेसच्या खाचेतही पुसटशी रेघ दिसायला लागली आहे.