तुम्ही विचारलंत म्हणून: माळावर झाडे का लावत नाही?

गोव्यात ओळखीची माणसे भेटली की हमखास विचारतात: सातारा जिल्ह्यातल्या माणच्या माळांवर तुम्ही इतके जाता, तर तिथे झाडे का लावत नाही? गवतासाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न गोव्यातून यावा हे साहजिकच आहे. इथे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सत्तरी तालुक्यात एखादी जमीन काही वर्षे तशीच सोडली, तर तिथे आपोआप रान माजते. माणमध्ये जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, आणि मुरमावर कित्येक ठिकाणी वीतभरही माती नाही. अशा माळाचे खरे वैभव गवतच.

ते गवत कसे जाते, हे माळावर खाली बसूनच पाहावे. मारवेल, पवन्या यांसारखी चवीची बहुवर्षायू गवते पावसाळ्यात फुटत असतानाच पुन्हा पुन्हा खुडली गेली की मुळे आखडतात आणि ठोंब मरतो. मागे कुसळी गवत आणि जनावरे सहसा तोंड लावत नाहीत असा तरवड उरतो. उघड्या मातीवर थेंबांचा मारा बसून तिची पापडी धरते, पाणी मुरत नाही, आणि वाहताना माती घेऊन जाते. वाळवंटीकरण इथून सुरू होते. इस्रोच्या नकाशांनुसार २०१८-१९ मध्ये देशातील सुमारे ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३० टक्के जमिनीचा कस खालावलेला होता.

समतल चर खणणे, शेणमातीत कालवून बी टाकणे हे सारे आम्ही करतो. पण मुख्य औषध म्हणजे विसावा, आणि खरी अडचणही तिथेच आहे. दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरणारे धनगर पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे गवताला विसावा हवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत मेंढरे घरच्या माळावर असतात. हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून गवत विळ्याने कापून नेऊ दिले, आणि गोठ्यातल्या जनावरांना ते मानवले; मेंढपाळाला मात्र सरसकट बंदी म्हणजे शेजारच्या गावाच्या माळावर जाणेच. म्हणून माळाचे तुकडे पाडावेत, दरवर्षी एकच तुकडा पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत बंद ठेवावा, आणि तो कोणता हे मेंढपाळांनीच वाडीच्या बैठकीत ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. बी गळाल्यावर मेंढरे तिथे आलीच पाहिजेत, कारण त्यांच्या खुरांनी पापडी फुटते, बी मातीत दबते आणि लेंड्यांचे खत मिळते.

झाडांच्या घाईने काय होते, ते कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात दिसते. खारेपणा रोखण्यासाठी वनखात्याने १९६१ मध्ये तिथे लावलेली गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, इतकी पसरली की गवताची जागा तिने घेतली, आणि मालधारी, म्हणजे तिथले पशुपालक, आजही ती काढत आहेत. ओढ्याकाठी आणि बांधावर बाभूळ, बोर, कडुलिंब जरूर असावेत, मेंढपाळाला सावली लागतेच. पण माळासाठी रोपे देऊ इच्छिणाऱ्यांना मी एवढीच विनंती करतो की त्या पैशांत मारवेलीचे बी आणि बंद तुकड्याच्या राखणदाराची चार महिन्यांची मजुरी द्यावी.