गाडी तापली की पेटणारा ऑइलचा दिवा

मे महिना, एसी चालू, गाडी नुकतीच खंबाटकी चढून आलेली. आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत इंजिन स्लोला आलं की मीटरमधलं लाल किटलीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. जरा रेस दिली की गायब. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, थोडं थांबून डिपस्टिक पाहिली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं. खाली गळती नाही. तासाभराने चालू केली तर दिवा नाही. साताऱ्यापर्यंत निमूट आली.

पुढे हेच चालू राहिलं. सकाळी गावात फिरा, काही नाही. हायवेला लांब चालवून थांबलं की दिवा हजर. इंजिन निवलं की परत शहाण्यासारखी.

ज्या गॅरेजला नेली तिथे स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड एकही नाही. तो येणारही नव्हता, कारण आमच्या गाडीत ऑइलचा दाब मोजणारा सेन्सर नाहीच, साधा स्विच आहे. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की त्याचे पॉइंट जुळतात आणि दिवा लागतो. बोलताना सगळे त्याला सेन्सर म्हणतात, त्यामुळे 'सेन्सर गेला असेल' हे वाक्य फार सहज तोंडात येतं. एक लक्षात घ्या, चालू इंजिनात हा दिवा खरा लागला असेल तर दाब 'थोडा कमी' झालेला नसतो, जवळजवळ संपलेला असतो. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, आणि त्याची बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तो दाबाने सतत ऑइल पोहोचत राहिलं तरच टिकतो. तो गेला की धातूवर धातू. म्हणून 'दिवा लागतो, पण गाडी चालते ना?' हा प्रश्न मला पटत नाही.

तर, स्विच बदलला. दिवा परत आला. मग त्यांनी आधीचं पातळ ५डब्ल्यू-३० काढून जाड २०डब्ल्यू-५० ऑइल भरलं. सिग्नलवर लागणारा दिवा बंद झाला आणि आम्ही खूश. पण पुढच्या पुणे फेरीत दिवा चक्क नव्वदच्या वेगाला लागला! आता त्यांचं म्हणणं, बेअरिंग गेली, हाफ इंजिनचं काम (इंजिन खोलून आतले झिजलेले भाग बदलणं) काढा, पस्तीस-चाळीस हजार धरून चाला. या सगळ्यात प्रत्यक्ष दाब किती आहे हे कुणी एकदाही मोजलं नव्हतं.

गाडी टो करून आमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी आधी स्विचची वायर काढून मोकळी धरली. दिवा विझला, म्हणजे वायर कुठे बॉडीला लागत नव्हती. मग स्विचच्या जागी काट्याचं गेज बसवलं, त्याची नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर घेतली आणि गेज काचेवर चिकटपट्टीने चिकटवलं. "चला साहेब, यवतेश्वर चढू. काट्यावर नजर मी ठेवतो, तुम्ही रस्ता बघा."

गार इंजिनाला दाब उत्तम होता. घाटात सुरुवातीला काटा तीन बारच्या वर. अर्ध्या चढावर तो थरथरायला लागला, आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या की वर जायच्या ऐवजी खाली यायचा. दीड बारला आला तसे मामा म्हणाले, "बंद करा, बंद करा." कडेला थांबलो. दहा मिनिटांनी चालू केली तर काटा परत तीनच्या वर.

मामांनी तिथेच निकाल दिला. बेअरिंग झिजली असती तर तापल्यावर स्लोला दाब पडला असता, पण रेस दिल्यावर वाढला असता. इथे उलटं होतंय, म्हणजे पंपाला खालून ऑइलच पुरत नाही. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिला काहीतरी चिकटतंय आणि इंजिन बंद केलं की सुटून खाली पडतंय. मग विचारलं, "चेंबर कधी उतरवला होता का?"

उतरवला होता. आदल्या पावसाळ्यात गावाकडच्या रस्त्यावर दगड लागून चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, चेपला होता, वाटेतल्या एका गॅरेजमध्ये तो ठोकून परत बसवून घेतला होता.

चेंबर खाली आला तेव्हा मीही वाकून पाहिलं. कडेने आतल्या बाजूला सांधा बंद करायला लावतात त्या करड्या सिलिकॉन सीलंटच्या वळ्या बाहेर आलेल्या, काही ठिकाणी तुटलेल्या. तुटलेले नखाएवढे तुकडे जाळीवर, चहाच्या गाळणीत साय अडकावी तसे बसलेले. बोटाने दाबले तर रबरासारखे मऊ. सीलंटची दोन-तीन मिलिमीटरची एकसारखी धार पुरते. तिथे बहुधा अर्धी ट्यूब पिळली होती. जाड ऑइलने काय झालं तेही उलगडलं. स्लोला दाब टिकला, पण अर्धवट बुजलेल्या जाळीतून जाड ऑइल ओढताना वेगात पंप उपाशी राहू लागला.

चेंबर उघडाच होता म्हणून मामांनी एका बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली, टोपी खोलून बेअरिंग पाहिली. तांब्याचा रंग कुठे उघडा पडला नव्हता, म्हणजे ती झिजली नव्हती. नवी जाळी, तिच्या नळीची नवी ओ-रिंग, नवा फिल्टर, चेंबर खरवडून साफ, आणि मॅन्युअलमध्ये आहे तेच ५डब्ल्यू-३०. मजुरीसकट खर्च हाफ इंजिनच्या आकड्याच्या पाव भागाच्याही आत राहिला.

गेज लावूनच परत यवतेश्वर चढलो. तापलेल्या इंजिनाला स्लोवर एक बारच्या जरा वर, तीन हजार फेऱ्यांना साडेतीन, काटा स्थिर. मामांच्या सांगण्यावरून पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलला. जुना फिल्टर त्यांनी पत्र्याच्या कात्रीने कापून आतला कागद उलगडला. घड्यांमध्ये सिलिकॉनचे दोन बारीक कण होते, धातूचा चुरा नव्हता. "आता नेहमीच्या सर्व्हिसला आणा," म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.