तुम्ही विचारलंत म्हणून: विळीवर पीएचडी?

नात्यातल्या लग्नात पंगत बसली की कुणीतरी विचारतंच, "विळी बनवून पीएचडी? मग आमच्या गावच्या लोहाराला किती द्यायच्या?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. त्या लोहाराची विळी माझ्या विळीपेक्षा चांगली चिरते. अजूनही.

माझा खटाटोप ओट्यावरच्या विळीचा. आईचे गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं आणि सुरी तिच्या हातात कधी बसली नाही. पहिल्या नमुन्यावर तिने भोपळा घेतला, तर अख्खी विळीच कलली. विळीचं पातं स्थिर असतं, भाजी हलते. दोन्ही हात मोकळे राहतात ते पाटावर दाबून धरलेल्या पायामुळे. उभं राहिलं की तो दाब गेला. मग ओट्याला क्लॅम्प लावला. विळी हलेना, पण आईचे खांदे भरून यायला लागले, कारण पातं छातीसमोर आलं होतं आणि अंग पुढे झुकवून मिळणारा जोर आता दंडांतून काढावा लागत होता. असे सात नमुने झाले.

प्रबंध या फसगतींचा आहे. पात्याची उंची, अंगाचा भार, जोर कुठून येतो, हे असं मांडायचं की उद्या कुणी खवणी करताना ते वापरेल किंवा चूक ठरवेल. लोहाराच्या हाताला यातलं बरंच ठाऊक असतं, पण ते त्याच्याबरोबरच राहतं. आणि नमुने न करता मला यातलं काहीच कळलं नसतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं असे संशोधनाचे तीन प्रकार सांगितले. तिसऱ्यात सगळा विचार वस्तूतच मुरलेला असतो. वस्तूच काय ते बोलेल, एवढ्यावर त्यांचं कॉलेज तेव्हा पीएचडी देत नव्हतं. मला ते पटतं. (चित्रकार मित्रांना पटत नाही.) २०१० साली ज्यांचं रुपयाचं चिन्ह निवडलं गेलं, ते उदय कुमार आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, पीएचडीला होते. चिन्ह देशभर झालं, पण त्यांचा प्रबंध तमिळ अक्षरांवर होता.

सातवा नमुना माळ्यावर आहे. आई खुर्चीत बसते, पुढ्यात चौरंगावर जुनी विळी, एक पाय पाटावर. ही युक्ती तिची, प्रबंध छापून झाल्यावर सुचलेली.