आमची वाटचाल : उद्यमनगरातल्या भट्टीपासून कंटेनरपर्यंत

१९७८ साली आबांनी शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये कपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायची, भट्टी पेटवली, तेव्हा आमचं सगळं गिऱ्हाईक हातगाडीच्या अंतरावर होतं. ऑइल इंजिनाची फ्लायव्हील, उसाच्या चरकाचे रोल, पंपाच्या बॉड्या, एवढंच ओतकाम. इंजिन जोडणारे पलीकडच्या गल्लीत, चरक घेणारे गुऱ्हाळवाले करवीर-पन्हाळ्याचे. मालात दोष निघाला तर तो हातगाडीवरूनच परत यायचा. आबा त्यावर घण घालायचे, तुकडे पुन्हा भट्टीत टाकायचे आणि बदली नग ओतून द्यायचे. उधारी थकली तरी माणूस रोज समोर दिसायचा, त्यामुळे ती फार काळ थकत नसे.

आज आमची फौंड्री शिरोली एमआयडीसीत आहे. महिन्याला साधारण दीडशे टन माल निघतो आणि निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या वाटेने परदेशात जातो. जागतिकीकरणाने कोल्हापूरचं वाटोळं केलं म्हणणारे मित्र मला आहेत आणि त्याच्याच जोरावर आपण वर आलो म्हणणारेही आहेत. दोघांचंही मला अर्धंच पटतं. म्हणून आमच्या शेडमध्ये काय काय झालं ते लिहून काढतोय.

बाहेरचे लोक विचारतात, ना जवळ लोखंडाची मोठी खाण, ना बंदर, मग कोल्हापुरात एवढ्या फौंड्र्या कशा? उत्तर उसात आहे. उसाला पाणी लागतं, पाण्याला पंप, पंपाला इंजिन, आणि इंजिनाला ओतीव सुटे भाग. पाठीशी संस्थानकाळातली पुण्याई होती. शाहू महाराजांनी कापडाची गिरणी काढली, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला. म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी स्वतःच्या हाताने इंजिन घडवलं. बघून बघून बनवायची ही सवय या गावाच्या अंगात आहे. उद्यमनगरात आजही पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना करणारा), लेथवाला, गिअर कापणारा, हीट ट्रीटमेंटवाला आणि पॉलिशवाला अर्ध्या तासात पायी गाठता येतो. आम्ही टिकलो यामागे हे मोठं कारण आहे.

मी गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून १९९२ मध्ये शेडवर आलो. आदल्या वर्षी जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं होतं आणि बहुतेक उद्योगांना लायसन्स घ्यायची अट गेली होती. आयात शुल्काचा कमाल दर तेव्हा १५० टक्के ठरला. औद्योगिक मालावर तो उतरत उतरत २००७-०८ पर्यंत १० टक्क्यांवर आला. पहिली आठ-दहा वर्षं आम्हाला त्याची झळ लागली नाही, उलट फायदाच झाला. गाड्या आणि ट्रॅक्टरचा खप वाढला, पुण्याकडून कास्टिंगची मागणी आली. त्या जोरावर आम्ही शिरोलीत प्लॉट घेतला आणि स्वतःचा अर्ध्या एचपीचा घरगुती पंप काढला. बॉडी आमची, मोटरही आमचीच. कॉइल वाइंडिंगला सात बायका होत्या. त्यांची बोटं इतकी चालायची की वेढे मोजायच्या काउंटरकडे त्या बघतसुद्धा नसत.

१ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंवरची आयातीची संख्याबंधनं उठली. त्याच वर्षी डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. आम्हाला हे कळलं ते लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदाराच्या काउंटरवर. त्याने दोन पंप शेजारी शेजारी ठेवले. एक आमचा, एक चिनी. म्हणाला, "भाऊ, उचलून बघा." चिनी पंप एका हातात उचलला गेला. बॉडी पातळ, रंग मात्र चकचकीत. मी म्हणालो, हा दोन वर्षं चालणार नाही. तो म्हणाला, "गिऱ्हाईक दोन वर्षांचं विचारतच न्हाई. किंमत विचारतंय." आमच्या पंपाला नुसतं मटेरियल जेवढ्याला पडायचं, तेवढ्याला त्याच्याकडे अख्खा पंप मिळत होता. २००३ च्या दिवाळीनंतर आम्ही तो पंप बंद केला. सातपैकी दोघींना कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतीव भागाच्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे करायच्या खात्यात, घेतलं. पाच जणींना घरी पाठवावं लागलं. पुढे निर्यातीने आमच्याकडे जे काही आणलं, त्यातलं काहीच त्या पाच घरांपर्यंत गेलं नाही. खुल्या व्यापाराने देशाला एकूण किती मिळालं याची बेरीज वाचताना मला नेहमी त्या पाच जणी आठवतात. मिळालेलं आणि गेलेलं एकाच घरात पडत नाही.

२००४ मध्ये गोकुळ शिरगावच्या एका मशीनशॉपमार्फत युरोपातलं पहिलं काम आलं, शेती अवजाराचा एक ब्रॅकेट. कपोलावर प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याचं, केमिकल कंपोझिशन एकसारखं राखणं कठीण. म्हणून कर्ज काढून इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, घेतली, पाठोपाठ धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर. आबांना ते आवडलं नव्हतं. वितळलेल्या लोखंडाच्या रसाचा रंग बघून ते त्यातला कार्बन सांगायचे. पण परदेशातल्या माणसाला कागद लागतो.

२००७ चा जुलै मी विसरणार नाही. कोल्हापूरचा पाऊस कसा लागतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही. रात्री काढून ठेवलेल्या कोअरनी हवेतली ओल ओढून घेतली, आणि सकाळी त्यावर चौदाशे अंशांचा रस ओतला. ओलीची वाफ झाली, ती धातूत अडकली. वरून कास्टिंग सुरेख दिसत होतं. कंटेनर गेला. तिकडे मशिनिंग करताना कातडीखालची ब्लो होल, म्हणजे वाफेने झालेली पोकळ भोकं, उघडी पडली. नगाला आम्हाला २४० रुपये मिळत होते. डेबिट नोट, म्हणजे आमच्याकडून वसूल करायच्या नुकसानीचा कागद, आली त्यात मशिनिंगचा खर्च, तिथल्या माणसांनी माल निवडला त्याचे तासाप्रमाणे युरो आणि बदली माल विमानाने पाठवायचा खर्च होता. हातगाडीवरून परत येणारा दोष आणि साडेसहा हजार किलोमीटरवर सापडणारा दोष यांत काय फरक आहे, ते त्या एका कागदाने शिकवलं. चूक आमचीच होती. आईच्या पाटल्या गहाण टाकून ते पैसे भागवले. कोअर शॉप वेगळी बंदिस्त केली, कोअर वाळवायला ओव्हन घेतला. गिऱ्हाईक राहिलं, आजही आहे.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतली एक मोठी बँक बुडाली. आमचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. नोव्हेंबरात मेल आला, पुढच्या शेड्यूलमध्ये सगळे आकडे शून्य. मोल्डिंगच्या पोरांना मी काय समजावणार? त्यांनी काहीच चुकवलेलं नव्हतं. पाच महिने आठवड्यातून तीनच दिवस भट्टी चालवली. निर्यात गोठली असताना त्या काळात पगार निघाले ते ट्रॅक्टरच्या देशी कामावर. तेव्हापासून एकाच गिऱ्हाइकाकडे पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त माल द्यायचा नाही, असं ठरवून टाकलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता काही दिवस बंद पडला. आमचा भरलेला कंटेनर न्हावा शेवा बंदराला जायचा होता. जर्मनीहून रोज विचारणा, माल कुठे आहे? शेवटी पाण्यातून फक्त दिशादर्शक फलक वर दिसतोय असा महामार्गाचा फोटो पाठवला. उलट उत्तर आलं, तुमची सगळी माणसं सुखरूप आहेत का? परक्या देशातल्या खरेदी खात्याकडून ते वाक्य येईल असं वाटलं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक दर, शुल्क, चीन यांवर बोलतात. आमच्या गावाची अर्थव्यवस्था आतून कशाने पोखरली असेल तर ती पैसे मिळायला लागणाऱ्या दिवसांनी. परदेशी गिऱ्हाईक माल त्याच्या गोदामात पोचल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देतं. बोटीचा महिना. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, त्याचे आणखी दहा-पंधरा दिवस. म्हणजे आज ओतलेल्या मालाचे पैसे पाच महिन्यांनी. वीजबिल मात्र दर महिन्याला, पिग आयर्नवाला (कच्चं लोखंड देणारा) रोखीत, पगार सात तारखेला. मग ताण कुणावर ढकलायचा? जो दारात येऊन भांडणार नाही त्याच्यावर. आम्ही तो उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्यांवर, म्हणजे आमच्या मालावर मजुरीने काम करून देणाऱ्यांवर, ढकलला. त्यांचं बिल नव्वद-शंभर दिवस थांबवायचं, हा रिवाज सगळ्यांचाच होता आणि मीही तो पाळला.

२०१३ मध्ये मोडीचा ट्रक आला. त्यात लेथचा एक बेड, म्हणजे खालचा ओतीव सांगाडा, होता. हिरवा रंग, आणि हेडस्टॉकच्या जागेखाली खंडेनवमीच्या पूजेचे हळद-कुंकवाचे जुने डाग. आमचंच मशिनिंग करणाऱ्या एका काकांचा तो लेथ होता. त्यांनी शेड बंद करून दोन्ही लेथ किलोवर विकले होते. माझ्या वहीत त्यांचे तेव्हा चौऱ्याऐंशी दिवसांचे पैसे देणे होते. मी त्याच संध्याकाळी चेक घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांनी चहा दिला, चेक घेतला, म्हणाले, "आता कशाला एवढी धावपळ?" रागाने बोलले नाहीत. तो बेड मी भट्टीत टाकू दिला नाही. आवारात तीन महिने पडून होता. मग तोही गेला.

तेव्हापासून आमच्याकडे जॉबवर्कचं बिल तीस दिवसांत निघतं, परदेशातले पैसे येवोत न येवोत. त्यासाठी बँकेचं व्याज आम्ही भरतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत, असं कायदा २००६ पासून सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातल्या एका कलमामुळे (जुन्या कायद्यात ते ४३बी(एच) होतं) मुदतीबाहेर थकवलेली रक्कम, प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. माझ्या ओळखीच्या अनेकांना हे कलम जाचक वाटतं. मला ते हवं होतं, दहा वर्षं आधी हवं होतं. शेजारच्या लेथवाल्याच्या पैशांवर जगाच्या बाजारात उभं राहायचं, याला धंदा म्हणायला माझं मन घेत नाही. तो लेथवाला बुडाला तर उद्या तातडीचं काम अर्ध्या तासात कुणाकडून करून घेणार? हे जाळं चीनकडून आयात करता येत नाही.

गेल्या वर्षी नवीन गणित आलं. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. लोखंड-पोलादाच्या वस्तू आणि वाहनांचे भाग यांचा हिशेब त्यांच्याकडे वेगळ्या कलमाखाली. एकाच भट्टीतून, एकाच रसातून निघालेले दोन नग, पण एक गाडीत बसतो आणि दुसरा यंत्रात, म्हणून शुल्क वेगळं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने अर्धा भार आम्ही उचलावा असं सुचवलं. कास्टिंगमध्ये तेवढं मार्जिनच नसतं. सहा टक्के उतरवून दिले आणि ऑर्डरही कमी झाली. युरोपवाल्यांचा सूर वेगळा. ते आता नगामागे किती युनिट वीज लागली, ती कोळशाची की उन्हाची, असं विचारतात. त्यांच्या सीमेवरचा, आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा कार्बन कर २०२६ च्या जानेवारीपासून प्रत्यक्ष लागू झालाय. शेडवर सोलर पॅनेल बसवलेत, पण भट्टीच्या भुकेपुढे ते थोडेच आहेत. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वीजदराबद्दल इथले कारखानदार किती वर्षं ओरडताहेत. सीमेपलीकडे कर्नाटक अगदी जवळ आहे. मलाही तिकडच्या प्लॉटचे फोन येतात. पण तिकडे गेलो तर ती अर्ध्या तासाची गल्ली बरोबर नेता येणार नाही.

२४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला. त्यानंतर तिकडून दोन चौकशा आल्या. त्यातली एक पंपाच्या बॉडीची आहे, आमच्या त्या जुन्या पंपापेक्षा मोठी, भिंतीची जाडी सात मिलिमीटर. ड्रॉइंग बघून पॅटर्नवाल्या मामांनी दोन रात्री काढल्या. पॅटर्न आता संगणकावर त्यांची मुलगी काढते, पण लाकडावर हात फिरवून बघितल्याशिवाय मामा तो बाहेर सोडत नाहीत. मशिनिंग उद्यमनगरातच देणार आहे. दर ठरलाय, बिलाची तारीखही ठरलीय.

नमुन्याचे सहा नग परवा ओतायचे आहेत. बाहेर पाऊस लागलाय. कोअरचा ओव्हन रात्रभर चालू ठेवा, म्हणून सांगून आलोय.